आंबेखोलचा बाजार आणि सगुणा कासारीण

मंडळी, टाळ्या झाल्या, नाम झालं, आता एक प्रश्न! देवासमोर बसलोय, तेव्हा उत्तर खरं द्यायचं.

समजा, एकाच्या मुठीत अख्खं गाव आहे. दूध संघ त्याचा, शाळा त्याची, पतपेढी त्याची. निवडणुकीला उभा राहणारा माणूस त्याचा, आणि विरोधात उभा राहणारा? तोही त्याचाच! तर ही मूठ उघडायची कशी? एक जण म्हणतो, "सोपं आहे बुवा! एक गर्जणारा पुढारी आणा, मागं गर्दी लावा, झालं!" दुसरा म्हणतो, "छे छे! गर्दीतून नवा मालक निघतो, दुसरं काही नाही." खरं कोण बोलतंय?

पेटीवाले मान हलवताहेत. दोघांच्याही बोलण्याला हलवली! असली माणसं गावात कधी निवडणूक हरत नाहीत हो!

ऐका तर. आंबेखोल नावाचं गाव. तिथले मालक तात्यासाहेब घोरबांड. माणूस गोड! कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं "बघू" म्हणायचे, की त्या माणसाचं दूध नासकं ठरलंच समजा! त्या तात्यांच्या मनात आलं, की गावाच्या मधला आठवडी बाजार उठवायचा आणि आपल्या हमरस्त्यावरच्या रानात न्यायचा. रिकाम्या जागेत दुकानांची माडी. मग कुठं बसायचं, कुणी बसायचं, सगळं तात्यांना विचारून!

ग्रामसभेत एक बाई उठली. सगुणा कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरणारी. म्हणाली, "आन् भाजीवाल्या बायांनी डोक्यावर पाटी घिऊन तितवर चालायचं व्हय?"

तात्यांचा माणूस ओरडला, "ए, खाली बस! मालकांना विचारतेस?"

तात्या हसले. "असू दे रे. बांगड्या भरणाऱ्यांनी पंचायतीत कशाला पडावं?"

आणि मंडळी, सगुणाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला! "मालक, या गावातला एकेक हात म्या हातात धरलाय! कुठल्या हाताला घट्टे हायेत, कुठला लोण्यावानी मऊ हाय, समदं ठावं हाय. तुमचा तेवढा राहिला. आणा हिकडं, भरते दोन!"

हास्याचा असा स्फोट झाला, की सभेचा मांडव हलला! बायका हसल्या, गडी हसले, तात्यांच्या मागं उभे असलेले तात्यांचे गडी तोंड फिरवून हसले! आणि एकदा हसू आलं, की भीती कुठं उरते?

बाई सरपंचपदाला उभी राहिली. काय तो प्रचार! पोरी थाळ्या बडवताहेत, म्हाताऱ्या फुगड्या घालताहेत, एका पठ्ठ्यानं तर म्हशीच्या शिंगांना हिरव्या बांगड्या अडकवून मिरवणूक काढली. म्हैस सगळ्यांत रुबाबात! निकाल लागला, सगुणाबाई निवडून आली. गुलाल इतका, की कोण कुणाचा नवरा ओळखू येईना. दोन बायकांनी भलत्याच नवऱ्याला घरी नेलं म्हणतात!

का हसता? झालं, गोष्ट संपली? जिंकलो?

अहो, आता तर सुरू झाली! पहिला हार घेऊन कोण आलं? तात्या! म्हणाले, "बाई, लोकांनी तुम्हाला निवडलं. आता दर वेळी त्यांना कशाला त्रास? तुम्ही म्हणजेच लोक!"

मंडळी, विष कडू असतं कोण म्हणालं? ते पेढ्यासारखं लागतं!

बाईंना आधी जीप गोड लागली, मग खुर्ची. ग्रामसभेला लोक येईनासे झाले. "बाई हाईत की! आपन कशाला?" म्हणून घरी बसले. आणि एक दिवस बाईंनी जाहीर केलं, "बाजार तात्यांच्या रानात जाईल. पर कमानीवर नाव माझं! सगुणाबाई बाजार!"

टाळ्या! नुसत्या टाळ्या!

तेवढ्यात इठाबाई उठली. मेथी-कोथिंबीर विकणारी म्हातारी. "सगुणे, बांगडी भरताना तू 'दुखतंय का' म्हणून इचारतीस. आता न्हाई इचारलंस."

आणि गर्दी ओरडली, "ए म्हातारे, खाली बस! बाईंना विचारतेस?"

ऐकलंत? शब्द तेच! फक्त मालक बदलला!

सगुणाबाईनं गर्दीकडं पाहिलं. हे ओरडणारे तात्यांचे नव्हते, तिचेच होते. तिच्यासाठी नाचलेले! ती खुर्चीवरून उठली, इठाबाईचा हात धरला, म्हणाली, "दुखतंय का गं?"

"लई," म्हातारी म्हणाली.

"मग बाजाराच्या दिवशी, बाजारातच सभा! तितं ठरंल ते खरं!"

आणि भरली सभा! वांग्यांच्या पाट्यांमध्ये, कोंबड्यांच्या कलकलाटात. तात्या स्वतः आले, बोलायला लागले. मागून आवाज, "तात्या, हात वर करा आदी!" तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला! बोलले, "बाजारात बायांसाठी मोरी नाही, गाड्या लावायला जागा नाही." आणि मंडळी, हे खरं होतं! लोकांनी ते मानलं. मोरी बांधायची ठरली. पण बाजार? बाजार होता तिथंच! हात असे वर गेले, की एका कोंबडीवाल्यानं कोंबडीसकट हात वर केला. तिचंही मत धरा म्हणाला!

मग तात्या भिकेला लागले का? नाही हो! दूध संघ त्यांचाच राहिला. मुठीतलं एक बोट सुटलं, एवढंच. पण सुटलं!

आणि गंमत ऐका. पुढच्या निवडणुकीत सगुणाबाई पडली! लोकांना प्रश्न विचारायची चटक लागली होती, पहिले प्रश्न तिलाच. सरपंच झाला तात्यांचा पुतण्या. पण बाजाराच्या दिवशी त्यालाही पाट्यांमध्ये उभं राहावं लागलं, आणि घाम पुसत दूध संघाचा हिशेब सांगावा लागला. सगुणाबाई समोर पेटी उघडून बसलेली. पोटभर हसत होती!

तेव्हा उत्तर हे. गर्जणारा माणूस दार उघडतो, मंडळी. खरंच उघडतो, त्याला हिणवू नका! पण गुलाल धुवून तुम्ही घरी गेलात, की त्या दारातून जुनाच मालक आत येतो, किंवा नवा जुन्यासारखा होतो.

आता तुमच्याकडं वळतो. येत्या सोमवारी या गावची ग्रामसभा आहे. कोण कोण येणार? हात वर!

...एक, दोन... मावशी, तुमचा हात की डास मारताय? डास! बरं. सरपंचसाहेब, तुम्ही का खूश होताय हात मोजून?

पुन्हा विचारतो! नाम घेताना दोन्ही हात वर करता ना? मग त्यातला एक सोमवारी घेऊन या. देव काही रागावणार नाही, तो तर त्या सभेत तुमची वाट बघत बसलाय! हां, असे! आता कसे उठले! तसेच ठेवा, खाली आणू नका. मृदंग धरा बुवा, या वर गेलेल्या हातांनीच नाम घ्यायचंय! बोला, विठ्ठल विठ्ठल!