शैलाबाईंनी विचारलं म्हणून

मंडळी, रडून रडून थकले. बाई गेल्या, तरी ऑटो त्यांच्या दवाखान्यावरून गेला की उतरावं वाटतं.

मी पोखर्णीची सुमन. शेतकरीण. शैलाबाई डॉक्टरांची पेशंट, एवढीच माझी ओळख. या शोकसभेत आधीचे लोक त्यांच्या हुशारीवर बोलले. मी माझं सांगते. माझे मालक मागं बसलेत. त्यांना विचारूनच बोलायलेय.

अंगावरून जाणं थांबेना म्हणून माझी गर्भाची पिशवी काढली. दुसऱ्या दवाखान्यात. पिशवीसोबत अंडाशयं बी काढली. का काढली? कुणी सांगितलं न्हाई. मी बी विचारलं न्हाई. विचारायचं असतं, हेच कुठं ठाऊक होतं?

टाके सुकले, मी कामाला लागले. पण मालक जवळ आले की आत सुरी फिरल्यावानी दुखायचं. मी तोंड फिरवायची. त्यांनी बाज शेतात नेली. सासूबाई म्हणाल्या, "पिशवी गेली की बाई संपली." मला बी तेच खरं वाटलं. अशी वर्षं गेली.

मग कंबर दुखती म्हणून शैलाबाईंकडं गेले. त्यांनी कंबर बघितली. सिस्टरला बाहेर पाठवलं. म्हणाल्या, "सुमन, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का?"

मंडळी, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आईनं न्हाई, बहिणीनं न्हाई, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी न्हाई. बाहेर पेशंटची गर्दी. तरी बाईंनी घाई केली न्हाई. मग मी बोलले.

तपासून म्हणाल्या, "शिवताना आतली वाट आखूड झालीये. अंडाशयं गेल्यानं कोरड पडलीये. सगळ्यांचं असं होत नाही गं, कित्येकींना ऑपरेशननंतर उलट बरं वाटतं. तुझं झालं. यात तुझ्या मनाचा दोष नाही."

मालकांना बोलावून घेतलं. "तिला तुम्ही नकोसे नव्हतात. तिला दुखत होतं."

मालक खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, मीच नकोसा झालो."

बाईंनी मलम दिलं. सबुरीनं घ्या म्हणाल्या. सगळं पहिल्यावानी झालं न्हाई, खोटं कशाला सांगू? पण दुखणं लय कमी झालं. बाज घरात आली.

पुढं माझ्या धाकट्या जावेवर बी पिशवी काढायची वेळ आली. बाईंनी आधी तिला आन दिराला समोर बसवलं. काय काढणार, काय ठेवणार, वाट आखूड होऊ नये म्हणून शिवताना काय जपणार, सगळं सांगितलं. "अंडाशयं चांगली आहेत, ती राहू देऊ."

जाऊ लाजत म्हणाली, "बाई, असलं विचारलं तर चालतं का?"

"न विचारता काही काढू देऊ नकोस," बाई म्हणाल्या.

जाऊ बरी हाय. इथंच बसलीय.

शेवटी भेटले तवा आजारानं बाईंचा आवाज बसला होता. म्हणाल्या, "सुमन, अजून किती बाया गप्पच आहेत गं."

मी बी थकले, मंडळी. एकेकीला समजावते, ती पदर तोंडाला लावून निघून जाते. मी उद्या पुन्हा जाईन तिच्याकडं. पण आज थकले.

आता उभं राहू. बाईंसाठी दोन मिनिटं गप्प राहू. दोनच मिनिटं. घरी गेल्यावर मात्र बोला.

बाई, तुमाला नमस्कार.