एक घर जास्त

वर्षाराणी : बाबा, तुमच्या लेन्सला हा कॅमेरा ओळखंना बघा. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवायलाय.

सयाजी : कसा वळकंल? लेन्स माझी चाळीस वरसांची. कॅमेरा तू मोबाईलवर बघून कुणाचातरी वापरलेला आणलास. म्हातारी सासू आन नवी सून, लगीच बोलत्यात व्हय?

वर्षाराणी : जोडायची रिंग लावली तशी लेन्स बसली तर नीट. पण उजेड किती घ्यायचा तेच सांगंना. मोबाईलवर काढा की माझा फोटो. पाचला गाडी हाय, बॅग दारात ठेवलीय.

सयाजी : मोबाईल न्हाई. सात महिने माझ्या खोलीत भाड्यानं ऱ्हायलीस, शिफ्ट सुटली की चहाला माझ्याकडंच आलीस. आता कंपनीनं कंत्राटाचा ब्रेक दिला, तू चाललीस गावाकडं, केजला. तुझा एक धड फोटो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.

वर्षाराणी : असं कामून बोलायलेत? ब्रेक संपला की येते ना परत.

सयाजी : नऊ खोल्या हायेत माझ्या. वीस वरसं समदे हेच सांगून जात्यात. मीबी व्हय म्हणतो. तिथं कडाप्प्यावर बस. भिताडाकडं पाठ कर. हां. आन कॅमेरा दे इकडं.

वर्षाराणी : पण उजेड?

सयाजी : त्याचं मीटर माझ्या खिशात हाय, काट्याचं. कुशे, हात धर.

(ती तळहात पुढे करते.)

सयाजी : ...चुकलो गं. जिभेची सवय हाय, बायकोचंच नाव येतं.

वर्षाराणी : असू द्या. कुशाबाई म्हणा, काय बी म्हणा. हात कशाला लागतो ते सांगा.

सयाजी : नवरी गोरी असू दे न्हाईतर सावळी, तळहात समद्यांचा एकाच रंगाचा. हातावर मीटर धरायचं, आकडा येईल त्याच्यापरीस लेन्सवर एक घर जास्त उजेड द्यायचा. तोंड बराबर येतं. बोटं जुळव. हां.

वर्षाराणी : मग स्वतःचाच हात धरायचा की.

सयाजी : माझं दोन्ही हात कामात. तिसरा हात तिचा. चाकणपासून आळंदीपातुर सहाशे लग्नं काढली आमी. नवरीच्या तोंडाशेजारी ही हात धरून हुभी, फोटोच्या वक्ताला बाजूला.

वर्षाराणी : मग आजींचा भिंतीवरचा फोटो इतका पुसट कामून हाय? तुम्ही तर फोटोवाले.

सयाजी : आधार कार्डावरनं मोठा केलाय त्यो. दहाव्याला दुसरा घावलाच न्हाई.

वर्षाराणी : एक बी नाही?

सयाजी : घरचंच माणूस, कवाबी काढू म्हणलं. रोल भरला का पयले दोन फोटो वायाच धरायचो, तवा तिचा हात काढायचो. डबाभर निगेटिव्ह हायेत, परतेक रोलाच्या तोंडाला तिचा हात. बांगड्या बघून मी वरीस सांगतो. हातच हायेत नुसते. तोंड आठवाया गेलो का आता ते आधार कार्डच डोळ्यापुढं येतं. लई एकटं वाटतं बग तवा.

वर्षाराणी : बाबा...

सयाजी : रडू नगंस, फोटो बिघडंल. हात खाली घे. हितं बघ. फोकस पापणीवर धरायचा, पण पापणी काय दिसंना मला. एका डोळ्याचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं ऱ्हायलंय.

वर्षाराणी : थांबा, पडद्यावर मोठं करून देते. हे बटण. आता फिरवा रिंग.

सयाजी : आली. आरारा, एकेक केस दिसतोय की! पाणी हाय गं तुझ्या डोळ्यात.

वर्षाराणी : समोर ऊन हाय.

सयाजी : व्हय, उन्हानंच असंल. हलू नगंस... झालं. बग कशी आलीस.

वर्षाराणी : अय्या, ही मीच का? कंपनीच्या कार्डावर तर चोर दिसते मी! बरं, आता तुम्ही बसा इथं.

सयाजी : माझा कशाला? मी काय, घरचाच.

वर्षाराणी : म्हणूनच बसा म्हणते.

सयाजी : आगं, गाडी जाईल तुझी.

वर्षाराणी : सहाला दुसरी हाय. मीटर द्या. हात धरा बाबा.

सयाजी : पार सुरकुतलाय त्यो.

वर्षाराणी : सुरकुतला तर सुरकुतला. तळहात समद्यांचा सारखाच म्हणले ना तुम्ही?

सयाजी : लई शाणी हायेस. एक घर जास्त दिलंस का?

वर्षाराणी : दिलं.

सयाजी : आता पापणीवर धर. घाई करू नगंस.

वर्षाराणी : धरलीय. हलू नका.

सयाजी : मी कुठं हलतोय, पोरी? खोली सोडून हलता ते तुमीच.