एकोबा

नवरा: वायर मी काढलीय आणि ती माझ्या खिशात आहे. आता बोल.

बायको: काय बोलू? राउटरची वायर खिशात घालून फिरणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय. द्या इकडे, माझी साइट बंद पडलीय.

नवरा: पडू दे. मी दिवसभर दुकानात बसून लोकांना कुलपं विकतो, किल्ल्या घासून देतो. आणि माझ्याच घराचं दार तू सताड उघडं ठेवलंयस. कुणीही यावं, कुणीही जावं!

बायको: दार नाही हो, पोर्ट. तोही एकच. बाहेरून कुणी माझ्या साइटचं नाव घेतलं, की त्याला सरळ शिवणाच्या कपाटातल्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं, असं भाऊजींनी राउटरला सांगून ठेवलंय. घरात दुसरीकडे कुणी फिरकत नाही.

नवरा: आणि तो? तो फिरकतो ना रोज?

बायको: तो कोण?

नवरा: साळसूदपणा पुरे. एकोबा!

बायको: अगं बाई! एकोबा तुम्हाला कसा माहीत?

नवरा: दुकानात एक गिऱ्हाईक बोलत होतं.

बायको: कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या साइटबद्दल बोललं?

नवरा: बोललं. आता सांग, कोण आहे हा?

बायको: मला तरी कुठे ठाऊक? कोण आलं त्याचा नुसता आकडा दिसतो. नाव नाही, गाव नाही. याच्या आकड्याच्या शेवटी एक पॉइंट एक. म्हणून मी म्हटलं, एकोबा.

नवरा: वर नाव ठेवलंस, तेही लाडाचं! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या बाबतीत कधी ‘अहो’च्या पुढे गेली नाहीस.

बायको: तुम्ही कधी माझं काही वाचलंत? शिवायला आलेल्या कपड्यांच्या गोष्टी लिहिते मी. कुणाचा कोट कुठे उसवला, कुणाच्या अस्तरात काय सापडलं. पहिली गोष्ट लिहिली तेव्हा मोबाईल तुमच्यासमोर धरला होता. तुम्ही म्हणालात, “बटणं लावायची सोडून हे काय?” मग नाही धरला परत. बाकीचे येतात आणि पापणी लवायच्या आत जातात. हा एकटा बसून वाचतो. शेवटपर्यंत. संध्याकाळी, न चुकता.

नवरा: म्हणून साइटवर त्याला लिहिलंस, “मशीन थांबवलं की मन म्हणतं, आता तो आला असेल”? अंगाची लाही लाही झाली माझी! “जगात एक तरी माणूस आहे, ज्याला माझा टाका दिसतो.” आणि मी काय आंधळा?

बायको: थांबा. हे सगळं गिऱ्हाइकाने तुम्हाला शब्द न् शब्द म्हणून दाखवलं?

नवरा: हुशार होतं गिऱ्हाईक.

(दार वाजतं. हातात हेल्मेट घेऊन धाकटा दीर आत येतो.)

दीर: काय वहिनी, साइट बंद? मगाशी कॉम्प्युटर दुरुस्त करता करता सहज बघितलं, तर पानच उघडेना. म्हटलं, जाता जाता डोकावावं.

बायको: तुमच्या दादांना विचारा. इंटरनेट त्यांच्या खिशात आहे.

नवरा: हे खूळ तूच लावून दिलंस ना? आता तूच बंद कर. नाहीतर हा एक पॉइंट एक राहतो कुठे ते सांग. जातोच त्याच्याकडे. माझ्या हाताने न उघडणारं दार या शहरात नाही.

दीर: एक पॉइंट एक? वहिनी, कपाट उघडा बघू. हां, दाखवा स्क्रीन. रोज येतो तो हाच पत्ता? एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक? अरे देवा!

नवरा: काय झालं? ओळखीचा निघाला?

दीर: चांगलाच. फळीवर बसलाय बघ, तुझ्या डोक्याच्या वर. काळा, दोन शिंगांचा.

नवरा: तो राउटर आहे.

दीर: तोच तुमचा एकोबा.

बायको: भाऊजी, थट्टा नको. राउटर काय गोष्टी वाचतो?

दीर: तो नाही वाचत. बाहेरून माणूस आला की त्याचा बाहेरचा पत्ता दिसतो. पण घरातल्याच वायफायवरून कुणी साइटचं नाव टाकलं, तर ते राउटरपर्यंत जातं आणि राउटर त्याला उंबऱ्यावरूनच माघारी फिरवतो, स्वतःचा शिक्का मारून. मग कपाटातल्या कॉम्प्युटरला वाटतं, राउटरच आलाय. वहिनी, तुम्ही मोबाईलवरून बघता का साइट?

बायको: छे. मी इथेच, कपाटापुढे स्टूल टाकून.

दीर: मग घरात राहिलं कोण? दादा, तुझा मोबाईल दे जरा.

नवरा: मोबाईल कशाला? चार्जिंग नाहीये त्याला.

बायको: संध्याकाळी चहा घेऊन गॅलरीत बसता, तेव्हा काय बघता तुम्ही?

नवरा: बातम्या.

बायको: अहो.

नवरा: बातम्या म्हटलं ना! आधी सहज बघितलं. मशीन थांबवून ही कपाटात तोंड घालून काय टकटक करते म्हणून. मग चटक लागली. मग एके दिवशी तो एकोबा आला त्यात. त्यानंतर तर राहवेचना. तू त्याला आज काय लिहिलंस, उद्या काय लिहिशील. पहिल्यापासून सगळं वाचून काढलं, कुठे काही खूण सापडते का बघायला.

दीर: म्हणजे तू जळत होतास म्हणून येत होतास, आणि तू येत होतास म्हणून वहिनी त्याला लिहीत होत्या. दादा, स्वतःच्याच घरात स्वतःच्याच मागावर! हे मी तुझ्या दुकानात सगळ्यांना सांगणार.

नवरा: सांगून तर बघ. तुझ्या घराच्या किल्ल्या मीच बनवल्यात.

दीर: निघतो बाबा. चहा राहू द्या वहिनी. आज तुमचं दोघांचं... म्हणजे तिघांचं चालू द्या.

नवरा: गेला एकदाचा. आता तूही हस ना. हसण्यासारखंच झालंय.

बायको: हसू नाही येत. मला वाटायचं, लांब कुठेतरी कुणीतरी आहे. मला न ओळखणारं. मी कोण, कशी, काहीच माहीत नसताना नुसतं माझं लिहिलेलं आवडणारं. तेवढं एक माझं होतं. तेही घरातलंच निघालं.

नवरा: इतकं वाईट निघालं?

बायको: तसं नाही म्हटलं मी.

नवरा: खरं सांगू? माझ्या पोटात अजून दुखतंय. ते सगळं तू त्याला लिहिलंस. मी आहे हे कळलं असतं, तर एक ओळ तरी लिहिली असतीस?

बायको: नसती. तुम्हाला लिहायचं म्हणजे ‘येताना मीठ आणा’, एवढंच सुचतं.

नवरा: बघ! मग त्याचा राग आला तर माझं चुकलं कुठे?

बायको: त्या राखाडी कोटाची गोष्ट वाचलीत? कुणी न्यायलाच आलं नाही तो?

नवरा: वाचली. तो कोट रोज इथे टांगलेला बघायचो मी. वाटायचं, हिला जुनं काही टाकवत नाही. गोष्टीत कळलं, तू तो अधूनमधून काढून झटकतेस, इस्त्री फिरवतेस, बटणं बघतेस. मालक आला घ्यायला तर तयार असावा म्हणून. त्या दिवशी माझा चहा तसाच गार झाला.

बायको: हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

नवरा: असलं घरात तोंडावर कसं बोलायचं?

बायको: हं. मग काय, साइट बंद करायची ना?

नवरा: असं कुठे म्हटलं मी?

बायको: म्हणालात. भाऊजींसमोर.

नवरा: रागात म्हटलं. आता काय करू मी, ते तूच सांग.

बायको: खिशातली वायर काढा आणि लावा आधी. त्याची यायची वेळ झाली.