नॉर्मल रिपोर्टचे पेढे

मंडळी,

मोटार वाइंडिंगची आपली सगळी गल्ली आज बंद आहे. तुम्ही सगळे इथे आलात. यासीनचे थोरले भाऊ रफिकभाई समोर बसलेत. मी पेपरात लिहितो, म्हणून मला बोलायला उभं केलंय.

यासीन गेला. कसा गेला, ते इथे सर्वांना ठाऊक आहे. ते मी बोलणार नाही.

इस्लामपुरात कुणाच्या विहिरीवरची मोटार जळली, की ती नवी तार गुंडाळून घ्यायला यासीनकडे यायची. गेल्या वर्षी हाच माणूस दुकानात नुसता बसून राहायला लागला. जेवण नको, झोप नाही. तांब्याची तार हातात धरून तसाच. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड वगैरे नाही ना, हे बघायला. काही निघालं नाही. मग त्यांनी त्याला समोर बसवून बोलतं केलं आणि सांगितलं, हे नैराश्य आहे, गोळ्या घ्यायच्या.

घरी पोचला तो फक्त रिपोर्ट. सगळं नॉर्मल.

रफिकभाईंनी गल्लीत पेढे वाटले. भाई, मी दोष देत नाही. भाऊ ठणठणीत आहे, या आनंदाचे पेढे होते ते. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. आणि सगळ्यांनी यासीनला तेच ऐकवलं. रिपोर्ट नॉर्मल हाय, आता ऊठ की रं. रिपोर्ट नॉर्मल हाय, मग गोळ्या कशाला?

गोळ्या बंद झाल्या.

एक दिवस तो पेपर घेऊन माझ्याकडे आला. नैराश्याच्या खुणा रक्तात सापडतात का, यावर संशोधन चालू आहे, अशी छोटी बातमी मी आतल्या पानावर दिली होती.

"ही तपासणी मिरजेत हुती का?"

"अजून नाही रे. शोध चालू आहे."

"मग छापता कशाला गड्या?"

दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "मला कागद पायजे. भाईला दावायला."

"डॉक्टरांनी सांगितलंय की."

"त्यांनी नुस्तं इचारलं. घरात म्हणत्यात, इचारून कुठं रोग कळतोय व्हय? मोटारीला मीटर हाय. माणसाला कवा यायचा?"

मी रफिकभाईंकडे गेलो. हा आजार डॉक्टर बोलूनच ओळखतात, म्हटलं. भाईंनी रिपोर्ट पुढे केला. "आवं, तुमी शिकल्याली माणसं. वाचा की."

मी वाचला. सगळं नॉर्मलच होतं. माझ्याकडे दाखवायला काय होतं?

उद्या ती तपासणी येईलही. मिरजेत येईल, आपल्या इस्लामपुरात येईल. मी बातमी देईन. पण ती कुणाला दाखवू?

यासीनची एक पद्धत तुम्ही पाहिली आहे. मीटरनं ठीक दाखवलं, तरी तो मोटार लगेच देत नसे. ती चालू करायचा, तिच्यावर हात ठेवायचा, कान जवळ न्यायचा. आपल्या गप्पा चालूच असायच्या. मग तो म्हणायचा, "मीटर बरूबर हाय. जरा गप बसा. मला ऐकू द्या."

मंडळी, आता उभे राहूया. आणि जरा गप राहूया.