दोरीचा साबण आणि चौदा खोकी

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या मर्जीचं तापमान आम्ही झऱ्याच्या पाण्याआधी तपासतो ते आपल्या योंगच्वान हॉटेलचे मालक, माननीय लान साहेब. तैपेईहून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, हॉटेल संघाच्या सचिव छ्यौ बाई. व्यासपीठावर नाइलाजाने बसलेल्या आजच्या उत्सवमूर्ती, हाउसकीपिंगच्या प्रमुख यौ शिऊश्या, म्हणजे आपणा सर्वांच्या यौताई. आठही मजल्यांवरच्या भगिनींनो, स्वागतकक्षातल्या बांधवांनो, आणि तिकडे दारातून मला घड्याळ दाखवणारे आमचे आचारीबुवा,

व्यवस्थापक या नात्याने चार शब्द बोलायला मला दहा मिनिटं दिलेली आहेत. कोंबडीच्या घट्ट रश्शाचा काओजा तळून झाला की तो भाषणासाठी थांबत नाही, असं आचारीबुवांनी बजावलंय. खरं तर यौताईंविषयी बोलायला एक काओजा पुरेसा आहे. आपल्या यीलानच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, वरून गार दिसतो म्हणून बेसावधपणे चावला की जीभ भाजते. माझी एकोणीस वर्षांपूर्वी भाजली. नोकरीचा पहिला दिवस, मी नवा टाय बांधून स्वागतकक्षात उभा. ताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं नि म्हणाल्या, "टाय झकास आहे हो. आणि बुटाचा चिखल लादीवर आलाय तो कोण पुसणार, तुझी आई?" पुसला. मीच पुसला.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या प्रवेशदालनात लाकडी फलक आहे. ज्यांनी या वास्तूत तीस वर्षं निष्कलंक सेवा केली त्यांची नावं त्यावर कोरली जातात. अकरा नावं आहेत. ताईंची सेवा झाली एकतीस वर्षं, पण त्यांचं नाव तिथे नाही. मघाशी छ्यौ बाईंच्या हस्ते त्यांना जे मानपत्र दिलं गेलं, त्यावर 'दीर्घ सेवेबद्दल' असं छापलंय. नुसतीच दीर्घ! दीर्घ तर आमच्या मासिक बैठकाही असतात. सकाळपासून तिघीचौघींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, ताईंच्या नावाचं काय झालं?" मी म्हटलं, "कार्यालयीन कारण आहे." ते कारण सांगायला भाषणात कुठे जागा सापडते का, हे मी बघतोय. आधी कौतुक उरकू या.

तुम्हाला आठवत असेल, छोट्या बाटल्या खोल्यांत फुकट ठेवायच्या नाहीत, असा सरकारी नियम आला. इतर हॉटेलांनी काय केलं? भिंतीवर मोठ्या बाटल्या ठोकल्या आणि मोकळे झाले. पण आपल्याकडे मी होतो ना! तैपेईला दोन दिवसांच्या परिषदेला जाऊन आलो होतो. लान साहेबांना म्हटलं, "साहेब, मोठी बाटली काय, लहान बाटली काय, प्लास्टिकच ते. आपण सगळंच घट्ट करू. साबण घट्ट, शांपू घट्ट, केस मऊ करायचं ते घट्ट." लान साहेब म्हणाले, "हे दुसऱ्या कोणी केलंय का?" म्हटलं, "आपल्या च्याओशीत कोणी नाही." झालं, ठरलं.

तौछंगच्या एका साबणवाल्याला काम दिलं. सज्जन माणूस. त्याच्या वडिलांचा मुगाच्या वड्यांचा धंदा होता, घरात जुने लाकडी साचे पडून होते. त्याने आमच्या वड्या त्याच साच्यांत पाडल्या. फिकट पिवळ्या, वर फुलाची नक्षी. इतक्या देखण्या, की मी त्या टेबलावर चहाच्या ताटलीशेजारी मांडायला सांगितल्या. यौताई म्हणाल्या, "साहेब, लोक खातील." मी म्हटलं, "ताई, आपल्याकडे सुशिक्षित पाहुणे येतात."

चौथ्या दिवशी छांगह्वाचे एक निवृत्त मुख्याध्यापक उलाँग चहाबरोबर अर्धा शांपू खाऊन गेले. अभिप्रायाच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "वडी सुबक. खोबरेलाचं प्रमाण थोडं कमी करावं."

वड्या मग न्हाणीघरात गेल्या. आता आपली हवा कशी, ते मी तुम्हाला काय सांगू? इथे सुकायला घातलेला मोजासुद्धा आठवडाभर विचार करतो. त्यात न्हाणीघरात गरम झऱ्याचं पाणी, सतत वाफ. सकाळपर्यंत वडीची लापशी व्हायची. ती खरवडायला दर खोलीत दहा मिनिटं जास्त. एके दिवशी ताई माझ्या कार्यालयात आल्या, तीन साबणदाण्या टेबलावर ठेवल्या. "घ्या साहेब, नाश्ता." मी त्यांना बसवून समजावू लागलो. पृथ्वी वाचवायची तर थोडा त्रास सगळ्यांनीच सोसायला हवा, वगैरे. परिषदेत ऐकलेलं सगळं पाठ होतं माझं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावलं. दार लावलं की ताई मला 'साहेब' म्हणत नाहीत.

"ज्यान," त्या म्हणाल्या, "पृथ्वी तू वाचवतोस, चांगलं आहे. खरवडते मात्र आ-ग्वे. तिची नखं बघितलीस का कधी?"

नव्हती बघितली. आ-ग्वे तिसऱ्या मजल्यावर काम करते, समोरच बसली आहे. अगं, आता हात लपवू नकोस, सगळ्यांना कळलंय.

त्यानंतर दोन दिवस ताई दुपारी दुरुस्तीच्या खोलीत दिसू लागल्या. हातात गिरमिट. वडीला मधोमध भोक पाडलं, त्यातून सुती दोरी ओवली, गाठ मारली आणि वडी नळाच्या वरच्या खुंटीला टांगली. पाणी निथळून जातं, सकाळी वडी खडखडीत. वर ताईंचा शेरा: "आणि दोरी बांधलेली मिठाई जगात कोणी खात नाही. मुख्याध्यापकसुद्धा नाही." मग आठ मजल्यांवरच्या या सगळ्या जणी चादरींच्या गाठोड्यांवर बसून दुपारभर वड्या ओवायच्या. गप्पा, हसणं, माझी नक्कल. मी जिन्यातून ऐकलीय. चांगली करता.

या योजनेला हॉटेल संघाचा पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला. 'व्यवस्थापक ज्यान यांची कल्पक दोरी-पद्धती.' प्रमाणपत्रात माझ्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं, ते मी तातडीने दुरुस्त करून घेतलं. बाकीचा मजकूर मला बरोबर वाटला.

आता गेल्या वर्षीचा सातवा महिना. भाऊमंडळींचं, म्हणजे ज्यांना कोणी वाली नाही आणि ज्यांना भूत म्हणायचं नाही त्यांचं, पान मांडायचा दिवस. छ्यौ बाईंनाही माहीत आहे, आम्ही हॉटेलवाले एक वेळ अग्निशमनाच्या तपासणीला हलक्यात घेऊ, पण त्या निराधार मंडळींच्या जेवणाला नाही. रिकाम्या खोल्या कुठे आहेत, हे त्यांना आपल्याआधी कळतं. तर फाटकासमोर लांबलचक टेबलं, भाजलेलं बदक, फळं, भात. आणि लांबून आलेल्यांना आधी हात-तोंड धुवायला तस्तात पाणी, टॉवेल, कंगवा, दात घासायचं आणि दरवर्षीच्या त्या छोट्या बाटल्या. मी म्हटलं, "बाटल्या नाहीत! भाऊमंडळींनाही प्लास्टिकमुक्तच." स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर बोलावलेला होता ना.

ताई म्हणाल्या, "साहेब, जे गेले त्यांच्या वेळी शांपू बाटलीत मिळायचा, त्यांना ही वडी कळायची कशी? मुगाची समजून खातील."

"पण आता तिला दोरी आहे ना, ताई!"

"तेच तर म्हणतेय," त्या हळूच म्हणाल्या. "यांतले काही जण दोरीनेच गेलेत. पाहुण्याला जेवायला बोलावून समोर दोर टांगतात का?"

मला पटलं. पण वार्ताहराने कॅमेरा काढला होता. वड्या टेबलावर गेल्या.

उदबत्त्या जळून खाली आल्या. लान साहेबांनी यजमान म्हणून कौल लावायच्या दोन लाकडी फाका हातात घेतल्या, विचारलं, "भाऊ, जेवण झालं का?" आणि टाकल्या. दोन्ही उताण्या. म्हणजे मंडळी नुसती हसताहेत, उत्तर देत नाहीत. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली. सात वेळा! ऊन डोक्यावर, बदकावर माश्या, टेबलं उचलायची सोय नाही, बॅगा घेतलेले पाहुणे फाटकाबाहेर उभे. साहेबांचा चेहरा लालबुंद. वार्ताहर मला विचारतोय, "एरवी किती वेळा लागतं?"

यौताई आत गेल्या. चादरींच्या कोठीतून एक खोकं घेऊन आल्या. दोरीच्या वड्या उचलल्या, पदार्थ झाकावेत तशा टॉवेलाने झाकून बाजूला ठेवल्या. तस्ताशेजारी छोट्या बाटल्यांची रांग लावली. हात जोडून म्हणाल्या, "भावांनो, आमचं चुकलं. हे घ्या तुमच्या ओळखीचं. निवांत धुवा, पोटभर जेवा आणि सुखाने जा." साहेबांनी फाका टाकल्या. एक उताणी, एक पालथी. 'हो' आलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

एकट्या लान साहेबांनी सोडला नाही. ते कोठीत गेले. हिवाळ्याच्या दुलयांमागे खोकी सापडली. बाटल्यांनी भरलेली, एकूण चौदा. आणि तीनच आठवड्यांपूर्वी आपण पुरस्कार समितीला लेखी दिलं होतं, की या वास्तूत एकही बाटली शिल्लक नाही. साहेबांनी वार्ताहरासमोर, तुम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "ही कोणाची?"

मी बुटांकडे पाहिलं.

ताई म्हणाल्या, "माझी. परत पाठवायची राहून गेली. वय झालं, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यांना लेखी ताकीद दिली गेली. 'गंभीर निष्काळजीपणा'. त्यांची तीस वर्षं भरायला तेव्हा अडीच महिने उरले होते. ताकीदपत्र लिहिणं हे व्यवस्थापकाचं काम असतं, म्हणून ते मी लिहिलं. भाषा चांगली झाली होती. ताईंनी उभ्या उभ्या वाचलं, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. 'निष्कलंक' हा शब्द त्यांच्या मानपत्रावर का नाही, याचं कार्यालयीन कारण ते हे.

आचारीबुवा, दोन मिनिटं. काओजा जळू द्या.

ती चौदा खोकी मी ठेवली होती. लान साहेब, पाणी घ्या हवं तर. परिषदेहून आल्यावर मी तुम्हाला सहा महिने घट्ट साबणाचे गुण सांगत होतो, पण माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. योजना आपटली तर हाताशी बाटल्या असाव्यात, म्हणून मी ताईंना कोठीत बोलावून म्हटलं, "दोन महिने सांभाळा, कोणाला बोलू नका." त्या म्हणाल्या, "बाहेर साबणाची कीर्तनं आणि आत दुलईखाली बाटल्या? छान चाललंय तुझं." पण सांभाळल्या. आणि समितीला दिलेल्या त्या कागदावर सही माझी होती. घरी मी आजही बाटलीतलाच शांपू वापरतो, हेही सांगून टाकतो, म्हणजे काही शिल्लक नको.

ताकीद दिल्यावर मी दार लावून ताईंना विचारलं होतं, "असं का केलंत?" मला वाटलं होतं, काही मोठं बोलतील. त्या उशांचे अभ्रे मोजत होत्या. म्हणाल्या, "माझ्या फाइलीत एक ओळ वाढली तरी मी उद्या चादरीच बदलणार. तुझ्या फाइलीत वाढली असती तर नवा साहेब आला असता. आणि नव्या साहेबाला 'नखं बघ' म्हणून पहिल्यापासून शिकवायला माझ्यात आता जीव नाही." मग म्हणाल्या, "फलकाचं वाईट वाटतं. नाही कशाला म्हणू?"

तो फलक रोज सकाळी ओल्या फडक्याने यौताईच पुसतात. एकतीस वर्षं. दुसऱ्यांची अकरा नावं, एकेका अक्षराच्या खाचेतून बोट फिरवून. गेलं वर्षभर मी ते लिफ्टची वाट पाहत रोज बघितलं आणि रोज वर गेलो. मला लाज वाटायची. पण लिफ्ट आली की वाटायची थांबायची, हे खरं.

असो. छ्यौ बाई, आपण एवढ्या लांबून आलात, आपले मनापासून आभार. आपल्या संघाच्या पुरस्काराचं प्रमाणपत्र मी आज सकाळी भिंतीवरून काढलंय, परतीच्या गाडीत आपल्यासोबत देतो. नव्याने द्यायचं झालं तर नाव यौ शिऊश्या, आणि खाली आठ मजल्यांवरच्या बायकांची यादी मी जोडली आहे. आचारीबुवांचे आभार. भाऊमंडळींचेही आभार मानतो. सात वेळा माझ्या तोंडावर हसायची हिंमत त्या दिवशी फक्त त्यांनीच दाखवली.

शेवटी, बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल तर माफ करा, असं म्हणून खाली बसायची पद्धत आहे. बोलण्यात काही झालं नसावं, हे भाषण मी चार वेळा लिहून काढलंय. चूक झाली ती वर्षभर गप्प बसण्यात, आणि ती तुम्ही पदरात घेऊ नका. यौताई, मला माफ करा, असं म्हणायचासुद्धा हक्क मला आज नाही, तरी म्हणतो. लान साहेब, आपल्यासमोर हे ताकीदपत्र ठेवतो. भाषा तीच आहे, मी एक शब्द बदललेला नाही. नाव तेवढं बदललंय, आणि ज्याचं नाव आहे त्याने खाली सही केली आहे. जुनं पत्र रद्द करायचा कागद त्याच्याखाली आहे, तिथे आपली सही हवी.

पेन माझ्याकडे आहे, साहेब. आम्ही थांबतो.