श्रावणातली ड्रममधली दालचिनी

...आणि आंघोळीचं मला सांगू नका हो! सकाळ-संध्याकाळ करतो. बेसन लावून झालं, उटणं लावून झालं, शेवंतीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, रॉकेलच्या बोळ्यानं माझी मान घासली... झालं काय? दालचिनीला वर रॉकेलचा वास!

तुम्हाला सांगतो, डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची सेंटची कंपनी. सेंट म्हणजे शोकेसमधलं नव्हे, साबणवाले, अगरबत्तीवाले ड्रमनं नेतात ते. आणि त्यात मी कुठं? दालचिनीवर! आता दालचिनी म्हटल्यावर तुम्हाला झाडाची साल दिसली ना? साल कुठली! पिवळं तेलकट केमिकल, झाडाचं तोंड न बघितलेलं! पण थेंब उडाला की माणूस आठवडाभर गरम मसाल्याचा डबा.

बरं, हे सगळं व्हायला मुहूर्त कुठला? भर श्रावण! सासरे, दामाजीमामा, गावाहून आलेले, ठाण्याला मोतीबिंदू काढायचा म्हणून. पक्के माळकरी! आणि ते आले त्याच सोमवारी ड्रमची नळी सुटली न् मी छातीपासून बुटापर्यंत भिजलो. नळाखाली उभं केलं, कपडे बदलले, कोपरला घरी आलो. मामांनी नाक वर केलं.

"पाव्हणं, कुठं जेवून आलासा?"

"नाही मामा, कंपनीतून आलो."

"हं... बरा दिसतोय कंपनीत मसाला."

जावई श्रावणात मटण हाणून आला असं धरलं आणि ताट सारलं! "भूक न्हाई." दुसऱ्या दिवशीही तेच, नुसती केळी न् पाणी. मी शपथा घेतोय, कंपनीचं कार्ड दाखवतोय... अहो, पण वासाला साक्षीदार आणायचा कुठून?

शेवंती ओट्याशी डोळे पुसत म्हणते, "अहो, खाल्लं म्हणा, माफी मागा, बाबा जेवतील तरी!"

"अगं, न खाल्लेल्या मटणाची माफी? तुला तरी पटतंय का?"

"मला पटतंय हो... पण वास अगदी रश्शाचाच आहे!"

घ्या! बायकोच फुटली!

मग दवाखान्यात मामांना आली चक्कर. डॉक्टर म्हणाले, "उपाशी माणसाचं ऑपरेशन करत नाही मी, खाऊन-पिऊन या." आता आली का पंचाईत? एकुलता एक सासरा, डोळा जायची वेळ, आणि कारण कोण? मी! न खाल्लेलं मटण!

शेवटी साहेबांच्या पाया पडलो, मामांना थेट कंपनीत नेलं. आमच्या लॅबच्या हेमाताईंनी बाटली उघडली, कागदाची पट्टी बुडवून मामांच्या नाकाशी धरली.

"आरं द्येवा... मटानच की ह्ये!"

"आजोबा, मटण नाही, केमिकल आहे. जावई दिवसभर ह्यातच असतात."

मामांनी माझा हात धरला... डोळे भरले हो त्यांचे. "पाव्हणं, माज्या लेकीच्या दारात बसून म्या तुमच्यावर आळ घेतला." मलाही भरून आलं. मी आपला डोळे पुसतोय तेवढ्यात म्हातारा काय म्हणतो? "मंजी अत्तरच की!" आणि हेमाताई "अहो आजोबा, नको नको..." करेपर्यंत बाटली फेट्यावर उपडी, बोट कानामागं, बोट मिशीला! मिशीखालचा ओठ असा पेटला म्हणून सांगू! धुतला, बर्फ लावला, तरी लालभडक.

पण जेवले! त्या रात्री शेवंतीच्या हातची पोटभर भाकरी जेवले. ऑपरेशन झालं, डोळा दिसायला लागला. मला वाटलं, सुटलो. खोपटच्या डेपोत एसटीत बसवायला गेलेलो, तर कंडक्टर काय ओरडतो? "अरे, मटणाचा डबा कोणी आणलाय? झाकण लावा!" मामांनी फेटा काढून मांडीखाली घेतला.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. श्रावण सरायचाय, आणि गावात उतरतंय कोण? डोळ्यांवर काळा चष्मा, ओठ लाल, अंगाला रश्शाचा वास! गाव म्हणालं, "दामाजी शहरात जाऊन बिघडला!" देवळात भजनाला बसले, तर शेजारचा टाळकरी उठून पलीकडं गेला. घरी सासूबाईंनी, गंगुबाईंनी, पान ओसरीवर वाढलं. मामा जीव तोडून सांगतायत, "ड्रममदली दालचिनी हाय गं!" कोण ऐकतंय? वासाला साक्षीदार आणायचा कुठून?

पंधरा दिवसांत बोचकं घेऊन परत दारात. "पाव्हणं, वास जाईस्तवर ऱ्हातो हितंच. तुमच्याबिगर कुणाला पटंना."

राहा म्हटलं. काय म्हणणार? आता एका खोलीत आम्ही दोघं, वरून पंखा फुल्ल. आणि काल शेजारच्या रखमाबाई दारातून डोकावल्या. नाक ओढून शेवंतीला म्हणतात, "काय गं, रोज रोज मटण परवडतं तरी कसं तुम्हाला?"

मी समजावायला उठलो... ड्रम, नळी, केमिकल... तर मामांनी सदरा धरून मला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. परवडतं म्हणून सांगा."