थैला मी उघडला होता

माझं माहेर, ताई, कृष्णपुऱ्याचं, राजघराण्याच्या समाधीच्या छत्र्या आहेत ना, त्यांच्या मागच्या गल्लीतलं, आजोबा महूला फौजेत होते, वडील मिलमध्ये, आणि बकरी म्हणजे काय ते मी लग्नापर्यंत फक्त रस्त्यावर बघितलेलं. लग्न झालं, इकडे राऊ गावाच्या पुढे आली, तर सासूने दुसऱ्याच दिवशी हातात दोर दिला, बोलली ही तुझी. तेव्हापासून बकऱ्या आहेत. माणूस माझा गेला त्याला सहा वर्षं झाली, मुलगा पीथमपूरला कंपनीत जातो, घरात दिवसभर मी आणि माझी सून रेखा. मी तशी तोंडाची तेज आहे, पूरी गल्ली सांगेल तुम्हाला, विचारून या.

पहिले आम्ही बकऱ्या चरायला सोडायचो. मग शेतांत प्लॉट पडून कॉलन्या कटल्या, जिकडे तिकडे तारेचं कुंपण, जनावर न्यायचं कुठे? रेखा दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेली आणि हे साइलेजचं शिकून आली. मक्का, नेपियर घास आणि बरबटीचा, म्हणजे चवळीचा वेल, तिन्ही हिरवेच कापायचे, बारीक कुट्टी करायची, जरा गुळाचं पाणी मारायचं आणि प्लास्टिकच्या मोठ्या थैल्यात दाबून दाबून भरायचं, आत हवा राहायला नको, मग तोंड बांधून दीड महिना विसरून जायचं. मी हसली, बोलली अगं हे तर चाऱ्याचं लोणचं झालं. ती बोलली हो आई, तसंच समजा. मी समजली ना तसंच, तिथेच तर गडबड झाली.

करडं तेव्हा चार महिन्यांची होती, दूध सुटलेलं, वाढायचं वय. पहिले एकेक मूठ दिली, मग दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवत नेलं, सोबत सुका भुसा आणि थोडा दाणा. काय सांगू तुम्हाला, महिन्याभरात अशी भरली, अंगावर चमक, पाठीवरून हात घसरायचा. नऊ होती. शेजारची कमलाबाई येऊन बघायची आणि जळायची, मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग उंदराने एका थैल्याला भोक पाडलं. मी थैला उघडला तर भोकाच्या आसपास पांढरी-हिरवी फफूंद, बुरशी हो. रेखा बोलली आई, हवा लागली, हा पूरा थैला फेकावा लागेल, ट्रेनिंगमध्ये असंच सांगितलं. आता आमच्या घरी बरणीत वर फफूंद आली की सासू चमच्याने वरचा थर काढायची आणि खालचं लोणचं ताटात वाढायची, इतकी वर्षं खाल्लं, कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. मी हाताने वरचं वरचं काढलं, खालचं हुंगलं, आंबट चांगला वास. बोलली फेकायला आपण काय सेठ लोक आहोत? टाकलं करडांना. आठ दिवस पुरला तो थैला. रेखा रोज बघत होती.

दोन-अडीच हफ्त्यांनी एक करडू मान वाकडी करून चालायला लागलं. गोल गोल, एकाच बाजूने. मला वाटलं खेळतंय. संध्याकाळपर्यंत त्याचा एक कान लटकला, तोंडातून लाळ. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. गोल फिरायची, थकली की भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची आणि पुन्हा फिरायची. आजही मी बकऱ्यांच्या बाड्यात गेली की ते पाऊल वाजतं, ताई. बकऱ्या सगळ्या बसलेल्या असतात, रवंथ करत असतात, आणि मला ते गोल फिरणारं पाऊल ऐकू येतं. मुलगा बोलतो आई, वहम आहे. असेल वहम.

आता खरी गोष्ट सांगते. रेखाला तेव्हा तिसरा महिना होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पहिल्यांदा राहिलं होतं. आमच्यात नजर-बिजर मानत नाहीत, वडिलांनी घरात कोणाला गंडा बांधू दिला नाही, रोज बुद्धवंदना व्हायची. पण तीन महिने पूरे होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे माझ्या आईनेही पाळलं, सासूनेही पाळलं. मीच रेखाला ताकीद दिली होती. तिच्या आईलासुद्धा फोनवर सांगू दिलं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले, चारा विचारला, थैला बघितला, डोकं हलवलं. बोलले ही बीमारी खराब साइलेजमधून होते आणि माणसालाही लागू शकते, पोटातल्या बाळाला तर फारच खतरा, घरात कोणी गरोदर आहे का? कमलाबाई तिथेच उभी होती. मी बोलली नाही, कोणी नाही. रेखा माझ्या मागेच होती. तिने ऐकलं. माझा मान राखला तिने, मला खोटं पाडलं नाही.

आणि मग तीच बसली त्या करडांना घेऊन. एकेकाला मांडीवर घ्यायची, लाळ पुसायची, पिचकारीने दूध पाजायची. मी तिला ऊठ बोलली नाही. मला वाटलं डॉक्टर लोक घाबरवतात. नऊपैकी पाच गेली. मग रेखाला ताप आला, आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात पोटातलं सगळं संपलं. तिथल्या डॉक्टर बाईंना मी स्वतः विचारलं, करडांमुळे झालं का? बोलल्या असेलही, नसेलही, तपास केला नव्हता, आता सांगता येणार नाही. असेलही, नसेलही. मी ह्याच्यावरच जगते आहे, ताई. त्यांनी हो बोललं असतं तर बरं झालं असतं.

रेखा मला एक शब्द बोलली नाही. भांडली असती, तर मी पाया पडली असती तिच्या.

ह्या वर्षी पुन्हा राहिलं. मला कसं कळलं माहीत आहे? कमलाबाईने सांगितलं. बोलली मुबारक हो, दुसरा महिना ना? रेखाने तिच्या आईला सांगितलं होतं, जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं, पूऱ्या गल्लीला सांगितलं होतं. मला सगळ्यात शेवटी कळलं. मी घरी आली, ती भाजी निवडत होती, मी विचारलं नाही का ते. तिने केलं ते बरंच केलं.

आता थैले मीच भरते, मीच उघडते, जरा फफूंद दिसली की पूरा थैला खड्ड्यात. तिला बाड्याच्या फाटकाशी येऊ देत नाही. पाचवा लागला आहे, पोट दिसायला लागलं. फार वाटतं जवळ जावं, डोक्यावरून हात फिरवावा. पण हात दोनदा धुतले तरी त्यांना चाऱ्याचा वास येतो मला. मग मी इथूनच, फाटकाच्या ह्या, बाड्याच्या बाजूने बोलते, मंगल होवो बाई तुझं, आणि ती मान हलवते.